नळ जोडायला नेमकं कोणतं फिटिंग घ्यावं?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन कामं आहेत. पहिलं स्वयंपाकघरातल्या सिंकचं. इमारत जुनी, आत जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची) लाईन, मध्यंतरी जुन्या टाईलवर नवी टाईल बसवली, आणि आता नळ काढल्यावर आटे भिंतीत खोल गेलेले दिसतात. नवा नळ तिथवर पोचतच नाही. दुसरं बाल्कनीतलं. तिथून पाऊण इंची सीपीव्हीसीची (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाईपची) उघडी लाईन गेली आहे आणि तिच्यातून वॉशिंग मशीनसाठी नवा नळ काढायचा आहे. दुकानदाराने एफटीए (आतून प्लास्टिकचे आटे असलेला जोड), ब्रास एल्बो (पितळी आट्यांचा काटकोनी जोड) आणि एक्स्टेन्शन निपल (एका टोकाला बाहेरचे आणि दुसऱ्याला आतले आटे असलेला, लांबी वाढवणारा जोड) असे तीन तुकडे समोर ठेवले आणि यातलं काय घ्यायचं ते तुम्हाला कळेना.

आधी थेट उत्तर देतो. सिंकसाठी योग्य लांबीचा एकच जड पितळी एक्स्टेन्शन निपल घ्या. बाल्कनीसाठी पाऊण बाय पाऊण बाय अर्धा मापाची ब्रास टी घ्या, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा तीन तोंडांचा जोड, जिच्या मधल्या तोंडात पितळेचे आतले आटे बसवलेले असतात ती. एफटीए दुकानदाराला परत करा. ती का परत करायची, हे नीट सांगतो, कारण नळाच्या जोडाला गळती लागलेली जी घरं मी पाहतो त्यातल्या बऱ्याच घरांत मूळ तिथेच असतं.

एफटीए म्हणजे एका बाजूला पाईप चिकटवायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला आतून आटे. हे आटे निव्वळ प्लास्टिकचे असतात. नळाची शेपटी पितळेची, तिच्यावर टेप गुंडाळलेला. ती आवळत गेलं की प्लास्टिकची कड आतून बाहेर ढकलली जाते. त्या दिवशी काही होत नाही. जोड कोरडा दिसतो, प्लंबर पैसे घेऊन जातो. पण कड कायमची ताणाखाली राहते. रोज नळ उघडताना आणि बंद करताना तिला थोडा थोडा हिसका बसतो. मग काही महिन्यांनी, बहुतेक वेळा रात्री, सगळ्यांचे नळ बंद असल्याने लाईनमधला दाब वाढलेला असताना, तिला उभी चीर जाते. भिंतीच्या आत असेल तर ओल खालच्या घराच्या छतावर दिसते आणि मग टाईल फोडण्यावाचून इलाज नसतो.

उलट जोडणी मात्र चालते. प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आतल्या आट्यांत गेले तर धातू प्लास्टिकला चहूबाजूंनी आवळून धरतो, त्याला फाटायला जागाच मिळत नाही. म्हणून एमटीए, म्हणजे बाहेरचे आटे असलेला तुकडा, पितळी व्हॉल्व्हमध्ये किंवा जीआय सॉकेटमध्ये निर्धास्त वापरता येतो. फक्त नळाचं वजन आणि हाताचा जोर त्याच्यावर येणार नाही एवढं बघायचं. जिथे नळ थेट बसतो तिथे आतले आटे पितळेचेच हवेत. या एका गोष्टीवर तडजोड करू नका. प्लास्टिकच्या आणि पितळी आट्यांच्या तुकड्यांच्या किमतीतला फरक पाहून लोक स्वस्तातला उचलतात, पण तो फरक एक टाईल बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

पितळ आहे म्हणून कोणताही तुकडा उचलू नका. प्लास्टिकच्या आत बसवलेली पितळेची कडी बाहेरून षटकोनी आहे का ते पाहा. ती तशी असली की पान्याने धरता येते आणि नळ आवळताना प्लास्टिकवर पीळ येत नाही. कडी पूर्ण आत बुडालेली आणि बाहेरून गुळगुळीत असेल, तर जास्त जोर लागल्यावर ती आतल्या आत फिरते आणि मग तो जोड कधीच बंद होत नाही. भिंतीत गाडायच्या एल्बोला कान असलेला प्रकारही मिळतो. दोन्ही कानांत स्क्रू मारून तो भिंतीला पक्का होतो. नवं बाथरूम होत असेल तर मी तोच सुचवतो.

आता मापाकडे येऊ. दुकानाच्या काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. घरगुती नळ जवळपास सगळे अर्धा इंची. पण तुम्ही पट्टी घेऊन त्याच्या शेपटीचा बाहेरचा व्यास मोजलात तर तो साधारण 21 मिमी भरेल. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी आणि पाऊण इंच म्हणजे 19 मिमी. त्यामुळे मोजणारा माणूस स्वाभाविकपणे पाऊण इंची फिटिंग मागतो आणि घरी आल्यावर ते ढिलं पडतं. अर्धा इंच हे आट्यांचं नाव आहे, मोजून मिळणारं माप नाही. पाऊण इंची आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण 26.4 मिमी असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा: 21 म्हणजे अर्धा इंची, साडेसव्वीसच्या आसपास म्हणजे पाऊण इंची. त्याहून सोपं म्हणजे जुना नळ खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच फिरवून बघा.

पाईपांच्या बाबतीत हे आणखी वाढतं. अर्धा इंची सीपीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास 15.9 मिमी आणि पाऊण इंचीचा 22.2. घरगुती यूपीव्हीसीचा (फक्त थंड पाण्याच्या प्लास्टिकचा) अर्धा इंची पाईप मात्र जीआयच्या मापाचा, बाहेरून 21.3 मिमी. म्हणजे अर्धा इंची यूपीव्हीसी पाईप पाऊण इंची सीपीव्हीसीच्या तोंडात जातो, फक्त थोडा सैल. काही जण त्यात भरपूर सोल्युशन ओतून तो 'बसवतात'. तो बसलेला नसतो. हे सोल्युशन, म्हणजे सॉल्व्हंट सिमेंट, फेविकॉलसारखं फट भरत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करून एकमेकांत मुरवतं, आणि त्यासाठी पाईप तोंडात घट्टच जायला हवा. कोरडा पाईप तोंडात घातल्यावर साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. सहज तळाला गेला तर काहीतरी चुकलंय. त्यात शेतीच्या कामाचे यूपीव्हीसी पाईप 20, 25, 32 मिमी अशा बाहेरच्या व्यासाने विकले जातात, तेव्हा गावाकडून आणलेला उरलेला तुकडा शहरातल्या फिटिंगला लावायला जाऊ नका.

एक छोटी सूचना परदेशातून सामान आणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतले अर्धा इंची आटे आपल्यासारखेच इंचाला 14 असतात, पण त्यांचा कोन 60 अंशांचा आणि आपला 55 अंशांचा. त्यामुळे तिकडून आणलेला सुंदर नळ इथल्या एल्बोत तीन-चार फेरे आरामात जातो आणि मग अडतो. टेप कितीही लावला तरी भरवशाचा जोड होत नाही. तिकडच्या वॉशिंग मशीनच्या नळीचे आटे तर अगदीच वेगळे असतात. त्यासाठी खास अडॅप्टर मिळाला तरच पुढे जा.

तुमच्या सिंककडे येतो. टाईलवर टाईल बसली की भिंतीची जाडी टाईल आणि खालचा चिकटवण्याचा थर मिळून साधारण 12 ते 20 मिमी वाढते. मूळ एल्बो आधीच थोडा आत असेल तर तो आणखी खोल जातो. आता हे करा. एल्बोच्या तोंडापासून नव्या टाईलच्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा. खोलीमापक नसेल तर पेन्सिल आत टेकवून टाईलच्या पातळीवर खूण करा. जेवढी खोली तेवढीच निपलच्या जाड भागाची लांबी हवी, बाहेरच्या आट्यांची लांबी त्यात धरायची नाही. हे निपल अर्धा, पाऊण, एक, दीड, दोन इंच अशा लांबीत मिळतात. छापलेल्या मापावर न जाता दुकानात पट्टी लावा, कारण आटे धरून की सोडून मोजलंय याची खात्री नसते.

निपलचं तोंड टाईलच्या बरोबरीला किंवा तीन-चार मिमी आत राहिलं की उत्तम. नळाची चकती भिंतीला टेकते आणि आतलं काही दिसत नाही. तोंड बाहेर आलं तर चकती टेकत नाही, त्या फटीतून भांडी धुताना पाणी भिंतीत जातं, आणि लोकांना वाटतं जोडच गळतोय.

लांबी बसत नाही म्हणून दोन छोटे निपल एकापुढे एक लावायची पद्धत आहे. दुकानात मोठा शिल्लक नसला की हाच सल्ला मिळतो. घेऊ नका. एक जोड वाढला की गळतीची एक जागा वाढते, आणि सिंकचा लांब फिरता नळ ओढला-ढकलला गेला की सगळा पीळ त्या साखळीवर येतो. दुसऱ्या दुकानात जा.

निपल हातात घेऊन वजन बघा. चांगला पितळी निपल त्याच्या आकाराच्या मानाने जड लागतो. चुंबक जवळ न्या. चिकटला तर वरून क्रोम आणि आत लोखंड आहे, तो भिंतीत काही वर्षांत गंजेल. आत डोकावून भोक नीट मध्यभागी आहे का आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची आहे का ते पाहा. ओतीव, हलका निपल आवळताना आट्यांच्या मुळाशी तुटतो आणि त्याचा तुकडा एल्बोत राहतो, मग ते काम खरंच कठीण होतं.

जीआय एल्बोत पितळ घातल्याने दोन धातूंच्या संपर्कात लोखंडाकडची बाजू थोडी लवकर झिजते, हे खरं आहे. तरीही भिंतीत गाडल्या जाणाऱ्या तुकड्यासाठी मी जीआय निपलपेक्षा जड पितळच घेतो. जीआय निपल आतून गंजून बारीक होतो आणि पुढच्या वेळी निघताना तुटतो. खरा प्रश्न तुमच्या जुन्या एल्बोच्या तब्येतीचा आहे. टॉर्च मारून आत बघा. गंजाचे पापुद्रे असतील तर तारेच्या छोट्या ब्रशने आटे साफ करा. आटे स्पष्ट, टोकदार दिसले तर काम होईल. बोथट, खाल्लेले दिसले किंवा निपल हाताने फिरवताना खडखडला, तर तो एल्बो बदलायला हवा. त्या वेळी अर्धा मीटर जीआय काढून पुढे सीपीव्हीसी ब्रास एल्बो बसवणं शहाणपणाचं. फक्त जीआय पाईपचे बाहेरचे आटे जिथे सीपीव्हीसीच्या तुकड्यात जातात तिथे आतले आटे पितळेचे घ्या, प्लास्टिकचे नको.

जुना नळ किंवा निपल निघत नसेल तर लांब पाईप पाना लावून झटका देऊ नका. भिंतीतला एल्बो तुम्हाला दुसऱ्या पान्याने धरता येत नाही, त्यामुळे सगळा पीळ मागच्या गंजलेल्या पाईपवर जातो. गंज सोडवणारं तेल टाकून थांबा, हातोडीने हलकेच ठोका, आधी थोडं आवळायच्या दिशेने आणि मग उलट फिरवा. तुकडा आत तुटलाच तर हॅक्सॉच्या पात्याने आतून दोन ठिकाणी हलके काप घेतात आणि बारीक छिन्नीने तो तुकडा आतल्या बाजूला दुमडून काढतात. कापताना पातं एल्बोच्या आट्यांपर्यंत पोचू द्यायचं नाही. हाताला सवय नसेल तर हे काम माणूस बोलावूनच करा.

टेपबद्दल. टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, नाहीतर नळ फिरवताना तो उलगडत बाहेर येतो. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे धागे पाण्यात जाऊन जाळीत अडकणार नाहीत. किती फेरे, हे आटे किती सैल त्यावर ठरतं. आपल्याकडे मिळणारा पातळ टेप आठ-दहा फेरे सहज लागतो, कधी जास्त. नळाला आणखी एक अट असते, की शेवटी त्याचं तोंड खाली यायला हवं. म्हणून आधी टेप न लावता हाताने फिरवून पाहा, कुठे घट्ट होतो ते कळतं. मग टेप लावून आवळा. तोंड पुढे गेलं म्हणून नळ मागे फिरवून सरळ करू नका. मागे फिरवला की टेप फाटतो आणि जोड गेला. पूर्ण काढा, नवा टेप कमी-जास्त करून पुन्हा बसवा. जीआयच्या आट्यांवर धागा आणि सफेदा (पांढरा लेप) ही जुनी पद्धत आजही उत्तम चालते, पण तेलकट सफेदा किंवा ऑइल पेंट सीपीव्हीसीजवळ नको. तेलांनी त्या प्लास्टिकला तडे जातात.

आता बाल्कनी. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा एखादा नळ उघडून लाईन रिकामी होऊ द्या. सीपीव्हीसी चिकटवताना पाईपच्या आत ओल राहिली की जोड कच्चा राहतो. पाईप सरळ कापा, आतली-बाहेरची कड घासून काढा, टी कोरडी बसवून तोंड कुठे येतंय त्याची खूण करा. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सिमेंट लागतं, यूपीव्हीसीच्या डब्यावर भागवू नका. पाईपला भरपूर आणि टीच्या आत पातळ थर लावा. ते पितळी आट्यांवर जाता कामा नये. पाव फेरा देत पाईप तळापर्यंत घाला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर तो स्वतःहून मागे सरकतो. डब्यावर दिलेला सुकण्याचा वेळ पाळा. शक्य असेल तर रात्रभर तसंच सोडा. नळ त्यानंतरच आवळायचा, आणि आवळताना टीची षटकोनी कडी दुसऱ्या पान्याने धरायची. टीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला क्लॅम्प हवेतच. मशीन चालू-बंद होताना तिचा व्हॉल्व्ह खटकन मिटतो आणि तो धक्का पाईपमधून मागे येतो. मोकळा लटकणारा पाईप तो धक्का थेट जोडावर टाकतो.

तिथला नळ घेताना मागची शेपटी अर्धा इंची आणि पुढचं तोंड पाऊण इंची आट्यांचं असा, वॉशिंग मशीनसाठीचाच घ्या. मशीनच्या नळीचा नट पाऊण इंची असतो आणि त्याच्या आत रबरी वॉशर असतो. तिथे टेप लावायचा नाही, वॉशरच पाणी अडवतो, हाताने घट्ट केलं की पुरतं. सिंकखालच्या अँगल कॉकला (छोट्या काटकोनी व्हॉल्व्हला) लागणाऱ्या कनेक्शन पाईपचंही तसंच. बाल्कनीत ऊन येत असेल तर सीपीव्हीसीवर पाण्यात मिसळणारा अॅक्रेलिक रंग मारा.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक विचार करा. 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो दाब मिळतो, म्हणजे टाकी तुमच्या नळापेक्षा जेमतेम 3 मीटर वर असेल तर हातात 0.3 किलोच. अशा घरात प्रत्येक रिड्युसर (माप लहान करणारा जोड), प्रत्येक हेक्स निपल (दोन्ही टोकांना बाहेरचे आटे असलेला छोटा जोड), प्रत्येक बारीक कनेक्शन पाईप धार कमी करतो. मुख्य लाईन पाऊण इंचीच ठेवून अर्धा इंच अगदी नळाच्या तोंडाशी करा. हीच टी म्हणूनच सुचवली.

आणि गिझरला पुढे-मागे हात लावाल तेव्हा सीपीव्हीसी थेट गिझरच्या तोंडाला जोडू नका. हा पाईप 82 अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनलेला असतो, आणि थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी त्याच्या वर जातं. मध्ये धातूचा कनेक्शन पाईप हवा.

सगळं झाल्यावर पाणी हळूहळू सोडा, नळ उघडा ठेवून आतली हवा आणि गंज जाऊ द्या, मग बंद करा. जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर आणखी आवळत बसू नका. सिंकच्या बाजूचा असेल तर नळ काढून आधी निपलचा आतला जोड तपासा, कारण पाणी बहुतेक वेळा तिथून येऊन चकतीखाली दिसतं. बाल्कनीच्या टीवर चिकटवलेल्या जागी ओल असेल तर वरून सोल्युशन लावून काही होत नाही. तो तुकडा कापून नवी टी आणि एक सॉकेट (दोन पाईप सरळ जोडणारा तुकडा) घ्यावा लागतो, म्हणून पहिल्यांदा पाईप कापतानाच दोन्ही बाजूंना क्लॅम्पपर्यंत चार बोटं मोकळी जागा ठेवा.